सात दिवस औषध सोडते, हा पट्टीचा गुण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जखमेवर लावायच्या अँटिबायोटिकयुक्त जेल-पट्टीची बातमी अधूनमधून छापून येते. कुठल्या तरी प्रयोगशाळेत पारदर्शक, थुलथुलीत चकती तयार झालेली असते, शेजारी पेट्री डिशचा (जंतू वाढवायच्या चपट्या थाळीचा) फोटो असतो आणि मजकुरात एक वाक्य हमखास असते : ‘ही पट्टी सलग सात दिवस औषध सोडत राहते.’ वाचणाऱ्याला वाटते, केवढी सोय! हा विषय शिकवणारे आणि अशा पट्ट्या तपासणारे आम्ही मात्र नेमके त्याच वाक्याशी अडखळतो. औषध किती दिवस झिरपते हे कौतुकाने सांगितले जाते. शेवटच्या दिवसांत ते किती बारीक झिरपते हे कोणी विचारत नाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

हिशेब शाळेतला आहे. १० बाय १० सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची पट्टी म्हणजे ३० मिलिलिटर जेल. त्यात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक ०.१ टक्का घातले (बाजारातल्या मलमात तेवढेच असते) की एका पट्टीत ३० मिलिग्रॅम औषध आले. समजा, पहिल्या दिवशी त्यातले १८ मिलिग्रॅम बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी ८, तिसऱ्या ३, चौथ्या ०.८, पाचव्या ०.१५, सहाव्या ०.०४ आणि सातव्या ०.०१. आकडे उदाहरणाचे आहेत, पण पाण्याने भरलेल्या जेलमधून विरघळणारे औषध साधारण अशाच चालीने बाहेर येते : आधी लोंढा, मग धार, मग थेंब. जखमेतून दिवसाला २० मिलिलिटर स्राव येतो असे धरा. पहिल्या दिवशी त्या स्रावात मिलिलिटरला ९०० मायक्रोग्रॅम औषध असेल. सहाव्या दिवशी २ आणि सातव्या दिवशी अर्धा मायक्रोग्रॅम. कसोटीसाठी प्रयोगशाळांत ठेवतात त्या प्रमाणित स्यूडोमोनास (जखमा चिघळवणाऱ्या) जंतूची वाढ रोखायला जेंटामायसिन मिलिलिटरला ०.५ ते २ मायक्रोग्रॅम लागते. वॉर्डात मुरलेल्या जंतूंना त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे शेवटचे दोन दिवस ही पट्टी जंतूंना मारत नाही, त्यांच्याकडून जोर-बैठका काढून घेते : न मारणाऱ्या मात्रेत राहून जंतू त्या औषधाला दाद न द्यायला शिकतात. बातमीतले ‘सात दिवस’ खरे असतात. त्यातले निदान दोन दिवस तालमीचे असतात.

मग शेवटच्या दिवसांची ही शेपटी तोडायची कशी? सोपा उपाय म्हणजे पट्टी तिसऱ्या दिवशी बदलणे, आणि तसे पाकिटावर ठळक छापणे. दुसरा उपाय जाडीचा. जेलमधून औषध बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जाडी ३ वरून दीड मिलिमीटरवर आणली की वेळ निम्मा नाही, चौथाई होतो. तिसरा उपाय विद्यार्थ्यांना फार आवडतो : जखमेकडे औषधाचा पातळ थर, वर साध्या जेलचा जाड थर. कागदावर झकास दिसतो. पण दोन्ही थर ओले असतील तर पाकिटातच औषध वरच्या थरात चढते आणि काही दिवसांत दोन्हीकडे सारखे होते. थर वेगळे ठेवायचे असतील तर औषधाचा थर कोरड्या पापुद्र्याच्या रूपात वेगळ्या पाकिटात द्यावा आणि जखमेवर लावतानाच दोन्ही जोडावेत.

आता मूळ जेलबद्दल, कारण बिघाडाची सुरुवात बहुधा तिथेच होते. सगळ्यात सुटसुटीत जेल पॉलिव्हिनिल अल्कोहोल या कृत्रिम पॉलिमरचे. ते गोठवून-वितळवून बनते, त्याला कुठलेही जोडणारे रसायन लागत नाही, त्यामुळे ग्लुटाराल्डिहाइडसारखे पेशींना मारक अवशेष मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही. भुकटी ९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड (म्हणजे जवळजवळ सगळे अॅसिटेट गट काढलेली) घ्यावी. ८८ टक्क्यांची प्रत पाण्यात पटकन विरघळते म्हणून मोह होतो, पण तिच्यात शिल्लक असलेले अ‍ॅसिटेट गट साखळ्यांना एकमेकींशी नीट बसू देत नाहीत आणि जेल लिबलिबीत राहते. १०० मिलिलिटर द्रावणाला १० ग्रॅम भुकटी. ती आधी थंड पाण्यात भुरभुरवून भिजू द्यायची आणि मग ढवळत ९०-९५ अंशांपर्यंत तापवून दोन-तीन तास ठेवायची. थेट गरम पाण्यात टाकली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात. उकळत्या पाण्यात बेसन टाकून पिठले बिघडवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. भांडे झाकलेले असावे आणि तापवण्याआधी व नंतर वजन करून उडालेले पाणी भरून काढावे. हे वजन न केल्याने १० टक्क्यांचे द्रावण १२ टक्क्यांचे होते आणि मग ‘बॅच टू बॅच फरक का येतो’ यावर तासभर चर्चा होते.

द्रावणात ५ टक्के ग्लिसरीन घातले तर पट्टीच्या कडा वाळून कडक होत नाहीत. रात्रभर स्थिर ठेवले की बुडबुडे निघून जातात. ते राहिले तर पट्टी तिथेच फाटते. साच्यात ओतायचे (वरच्या मापाच्या पट्टीला बरोबर ३० मिलिलिटर), मधोमध नॉनवोव्हन (न विणलेल्या कापडाची) जाळी बसवायची, उणे २० अंशांवर १८ ते २० तास, मग साध्या तापमानाला ४ ते ६ तास. अशी तीन आवर्तने. वितळणे जितके सावकाश, तितके जेल घट्ट. आवर्तने वाढवत नेली तर ते दुधी आणि रबरी होते आणि पाणी सोडू लागते. आणखी एक बारीक गोष्ट : घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीझर मधूनमधून आपोआप गरम होतो, त्यामुळे आपण मोजलेली तीन आवर्तने प्रत्यक्षात तीन नसतात.

समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे जेल स्वस्त आणि पटकन होणारे, पण त्यात औषध भरणे म्हणजे डोकेदुखी. सोडियम अल्जिनेटच्या २ टक्के द्रावणावर कॅल्शियम क्लोराइड पडले की बाहेरची साय आधी घट्ट होते आणि आत कच्चे राहते. शिवाय ते त्या पाण्यात बुडलेले असताना औषधही निसटून तिथेच जाते. एकसारखे जेल हवे असेल तर कॅल्शियम कार्बोनेट आत मिसळून ग्लुकोनोडेल्टालॅक्टोनने (पाण्यात हळूहळू आम्ल होणाऱ्या पदार्थाने) सावकाश कॅल्शियम मोकळे करावे. कार्बोनेटच्या दुप्पट मोल लॅक्टोन लागते. त्यात जेंटामायसिन धनभारित आणि अल्जिनेट ऋणभारित, त्यामुळे दोन्ही एकत्र येताच दही फुटल्यासारखे कण दिसतात आणि औषधाचा एक भाग कायमचा अडकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरे अँटिबायोटिक घ्यावे तर ते कॅल्शियमला धरून बसते, वर उदासीन पाण्यात ते जेमतेम विरघळते, आणि उजेडात खराब होते. हे सगळे जमवले तरी जखमेच्या स्रावातले सोडियम कॅल्शियमला हुसकावते आणि पट्टी दोन दिवसांत शेंबडासारखी होते. वाहत्या जखमेवर अल्जिनेट उत्तम, पण ते कोरड्या तंतूंच्या रूपात, औषधाच्या पट्टीच्या रूपात नव्हे.

कोळंबीच्या टरफलांपासून बनणाऱ्या कायटोसानचा विषय मुंबईत निघतोच. ससून डॉक आणि वर्सोव्यात कोळंबीची टरफले ढिगाने निघतात आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे वाक्य कुणालाही सुचते. टरफलातला चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने काढायचा, प्रथिने सौम्य कॉस्टिक सोड्याने, आणि मग ४० ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवून कायटिनचे कायटोसान करायचे. रसायन म्हणून हे सोपे आहे. जखमेवर लावण्याजोगा माल बनवणे सोपे नाही : दर खेपेला अ‍ॅसिटिल गट निघण्याचे प्रमाण वेगळे, राख वेगळी, आणि प्रथिनांचा अंश राहिला तर कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाला त्रास. शिवाय ते १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवावे लागते. ते आम्ल नीट धुतले नाही तर पट्टी जखमेला झोंबते, आणि विद्यार्थी ‘जंतुनाशक गुणधर्म दिसला’ असे लिहितात तो पुष्कळदा त्या आम्लाचाच असतो.

औषध मिसळताना एक चूक वारंवार दिसते. बाटलीतली भुकटी जेंटामायसिन सल्फेट असते आणि तिची ताकद, म्हणजे तिच्यातले खरे औषध, मिलिग्रॅमला साधारण ६०० मायक्रोग्रॅम. १०० मिलिलिटर जेलमध्ये १०० मिलिग्रॅम जेंटामायसिन हवे असेल तर सुमारे १७० मिलिग्रॅम सल्फेट तोलावे लागते. लेबलवरची ताकद न वाचता १०० मिलिग्रॅमच घातले की मात्रा तिथेच ४० टक्क्यांनी घटते. मोजमापातही हे औषध खोडकर आहे : अतिनील प्रकाश ते जवळजवळ शोषतच नाही, म्हणून साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर थेट मोजता येत नाही, ऑर्थो-थॅलाल्डिहाइड या रसायनाशी जोडून मगच मोजावे. पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन कुळातली औषधे ओल्या जेलमध्ये घालूच नयेत, ती पाण्यात साठवणीतच फुटत जातात. निओमायसिन स्वस्त असले तरी त्वचेला अ‍ॅलर्जी करण्यात अव्वल. आणि कोलिस्टिन, लिनेझोलिड, कार्बापेनेम यांना तर हातही लावू नये. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखलेली औषधे पायाच्या व्रणावर चोपडणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगणे.

निर्जंतुक करायचे कसे, हा पुढचा घाट. गोठवून केलेले जेल ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेच्या यंत्राच्या) १२१ अंशांत चक्क वितळते. अल्जिनेट पातळ होते, कायटोसान पिवळे पडते. निर्जंतुक करणारा इथिलिन ऑक्साइड वायू ओल्या मालाला चालत नाही. म्हणून आधी पॉलिमरचे द्रावण ऑटोक्लेव्ह करायचे, ते ४० अंशांखाली आले की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून औषधाचे द्रावण आत सोडायचे, लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या हवेच्या झोतात) साच्यात ओतायचे, आणि सीलबंद साच्यातच गोठवायचे. दुसरी वाट गॅमा किरणांची. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा ‘आयसोमेड’ हा देशातला पहिला प्रकल्प ट्रॉम्बेला १९७४ पासून आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांनी जोडलेल्या पॉलिव्हिनिल अल्कोहोल जेलच्या पट्ट्याही विकसित केल्या. एकाच फटक्यात, साधारण २५ किलोग्रे एवढ्या किरणमात्रेला, जेल जुळतेही आणि निर्जंतुकही होते. रासायनिक जोडणीपेक्षा ही पद्धत कितीतरी स्वच्छ. पण किरणांनी पाण्यात तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिक्रियाशील कण) साखळ्या जोडतात तसे औषधालाही खातात. त्यामुळे आत औषध असेल तर किरणांनंतर ते किती उरले हे रासायनिक पद्धतीनेही आणि जंतूंवरही मोजायला हवे.

मुंबईच्या हवेचा मुद्दा वेगळा. जंतुनाशक औषध घातले म्हणजे पट्टी सुरक्षित, हा समज चुकीचा. अँटिबायोटिक बुरशीला काहीच करत नाही. ८५ टक्के पाणी असलेल्या पट्टीला पाकिटाच्या कडेत सुईएवढे भोक असले तरी जुलैत काळे ठिपके दिसतात. साध्या प्लास्टिकमधून पाणी उडते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले पाकीट हवे, आणि सील मारताना कडेला जेलचा एक थेंबही लागलेला नको. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून पाहिल्याशिवाय ‘दोन वर्षे टिकते’ असे लिहू नये.

आता चाचण्या. पेट्री डिशमध्ये पट्टीभोवती जंतू न उगवलेला मोठा स्वच्छ गोल बातमीत शोभून दिसतो, पण तो एवढेच सांगतो की पहिल्या दिवशी औषध भरभर पसरले. खरी चाचणी अशी : पट्टीचा तोच तुकडा रोज नव्याने जंतू पेरलेल्या थाळीवर हलवायचा, गोल नाहीसा होईपर्यंत. आणि शेवटच्या एक-दोन थाळ्यांवर गोलाच्या कडेला उगवलेल्या वसाहती उचलून त्यांना रोखायला आता किती औषध लागते ते पुन्हा मोजायचे. चारपट वाढ दिसली तर रचना बदलावी, मग बाकी आकडे कितीही देखणे असोत. ही चाचणी महाग नाही. अहवालांत ती क्वचितच दिसते, याला कारण आळस की भीती, ते वाचकांनी ठरवावे. औषध सोडण्याचा वेग मोजताना तापमान ३२ अंश ठेवावे, कारण त्वचा तेवढीच गरम असते. पट्टी किती स्राव शोषते ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजू नये. भारित पॉलिमर त्यात भलतेच फुगतात. लिटरला ८.२९८ ग्रॅम मीठ आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट असे प्रमाणित द्रावण आहे, ते वापरावे.

तुलना कशाशी केली हेही बघावे. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवले की पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने त्वचा धरते. त्यात औषध नव्हतेच. मुंबईला याची स्वतःची परंपरा आहे : वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची भाजलेल्या जखमेवरची पट्टी १९८५ मध्ये मांडली, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून केळीच्या पानाच्या पट्टीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. न चिकटणे आणि ओल धरणे, एवढ्यावर या पट्ट्यांनी काम केले. म्हणून औषधाच्या जेलची तुलना कोरड्या गॉजशी करून ‘औषधाने फरक पडला’ म्हणणे लबाडी आहे. तुलना त्याच, पण बिनऔषधाच्या जेलशी हवी. उंदरावरचे फोटोही जपून वाचावेत. उंदराची जखम बरीचशी आकसून मिटते, कारण त्याच्या सैल त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो. माणसाची जखम बव्हंशी नव्या ऊतींनी भरून येते.

लावायची कुठे? स्वच्छ जखमेला अँटिबायोटिकची गरज नाही. खोलवर पिकलेल्या जखमेला आधी चाकू आणि मग शिरेतून औषध लागते. जंतूंच्या सायीखाली पट्टीतले औषध पोचतच नाही, आणि पू असेल तर जेंटामायसिन त्यातच अडकते. फार वाहणाऱ्या जखमेवर जेल ठेवले तर कडेची त्वचा पांढरी पडून सडते. टाचेवरची कोरडी काळी खपली, जिथे रक्तपुरवठाच कमी आहे, ती ओली करू नये. उरते काय? खरवडून स्वच्छ केलेली, जंतूंचा भार असलेली, मध्यम ओलसर जखम, आणि तीही दोन-तीन दिवसांपुरती. एवढ्या चिंचोळ्या जागेसाठी ही पट्टी आहे आणि तिथे ती उपयोगी आहे, हे आम्ही नाकारत नाही.

मोठ्या भाजलेल्या जखमांबद्दल मात्र हिशेब पुन्हा मांडतो. प्रौढ माणसाची त्वचा १.७ चौरस मीटर धरली तर २० टक्के भाजलेला भाग ३४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापाच्या ३४ पट्ट्या. प्रत्येकीत ३० मिलिग्रॅम धरले तर एका वेळी अंगावर १ ग्रॅमहून अधिक जेंटामायसिन. ६० किलोच्या माणसाला शिरेतून दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅम देतात, आणि तेही मूत्रपिंड व कान जपत. भाजलेल्या भागातून सगळे औषध शोषले जात नाही, पण निरोगी त्वचेसारखा अडसरही तिथे नसतो. ‘वरून लावायचे आहे, काय होतंय’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. अशा पट्टीच्या पाकिटावर एका वेळी जास्तीत जास्त किती पट्ट्या लावाव्यात हा आकडा असलाच पाहिजे.

कायद्याच्या बाजूने थोडक्यात : साधी जेल-पट्टी वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत बसते. औषध सावकाश सोडणारी नवी रचना २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत ‘नवे औषध’ ठरते, मग आतले औषध कितीही जुने असो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये मानवी उपचारांत महत्त्वाची अँटिबायोटिके असलेल्या पट्ट्या सर्वात कडक वर्गात टाकण्याचा प्रस्ताव मांडला. ‘लवकरच बाजारात’ असे छापण्यापूर्वी यातला कोणता परवाना हातात आहे, एवढे वार्ताहरांनी विचारावे.

शेवटी, काढलेल्या पट्टीचे काय होते? रुग्णालयात ती पिवळ्या पिशवीत जाते आणि जाळली जाते. नियम २०१६ पासून स्पष्ट आहेत. ओपीडीतून घरी गेलेला रुग्ण मात्र ती न्हाणीघरात सोलतो आणि ओल्या कचऱ्यात टाकतो, किंवा मऊ आहे म्हणून कमोडमध्ये. वरच्या उदाहरणातल्या पट्टीत तिसऱ्या दिवसअखेर १ मिलिग्रॅम औषध शिल्लक असते. तेवढ्याने अर्धा लिटर सांडपाण्यात मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमची पातळी येते, म्हणजे जखमेत सहाव्या दिवशी जी नको म्हणत होतो नेमकी तीच. पाकिटाच्या मागच्या बाजूला मराठीत, हिंदीत आणि चित्रासह एक ओळ हवी : वापरलेली पट्टी रिकाम्या पाकिटात परत घाला, बंद करा आणि पुढच्या ड्रेसिंगला येताना सोबत आणा.

आपले,
औषधनिर्माण आणि जखमोपचार या विषयांचे काही अध्यापक व परीक्षक, मुंबई